लासोटा पण रानीखेतचाच व्हायरस, मग त्यानं कोंबडी मरत का नाही?

लासोटा ही रानीखेतवरची, म्हणजे कोंबड्यांच्या मानमोडीवरची, जिवंत व्हायरसची लस आहे हे एकदा सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतोय, "म्हणजे ताई, आमच्या पिल्लांच्या डोळ्यात तुम्ही मानमोडीच घालताय की." आमच्याकडं करवीर, कागल, गडहिंग्लज भागात गावागावांत दहा-पंधरा गावठी कोंबड्या असणारी घरं भरपूर आहेत, अंडी विकून बायकांचा वरखर्च निघतोय, यात्रेला पाव्हणे आले की त्यातलीच दोन कापली जातात, आणि मानमोडीनं एका आठवड्यात खुराडं रिकामं झालेलं ज्यांनी बघितलंय त्यांना ही भीती वाटणं अगदी बरोबर आहे. वर त्यांचं म्हणणं खोटं पण नाही. लासोटा हा खरोखरच रानीखेतचा व्हायरस आहे, जिवंत आहे, त्याचे जीन्स तेच सहा, त्याच क्रमानं. रक्तातल्या अँटीबॉडी मोजणारी नेहमीची एचआय टेस्ट केली तर अँटीबॉडी लसीमुळं आल्यात की खऱ्या रोगामुळं हे त्या टेस्टला सांगता येत नाही, इतके दोघं सारखे. तरी एक डोळ्यात घातला तर पिल्लू एकदोन दिवस जरा शिंकतंय आणि दुसरा शेडमध्ये शिरला की लस नसलेल्या शंभरातली नव्वदच्या वर पाखरं जाऊ शकतात.

हा फरक कुठं लिहिलेला आहे ते आज सविस्तर सांगते. कारण ते एकदा समजलं की लसीचं सगळं वेळापत्रक, म्हणजे लहान पिल्लाला हीच लस का, मोठ्या कोंबडीला ती दुसरी सुईची का, हे पाठ करावं लागत नाही, आपोआप पटतंय.

आधी व्हायरसची थोडी ओळख. १९२६ साली इंडोनेशियातल्या जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळ कोंबड्यांची मोठी मर झाली, तिथून जगात न्यूकॅसल डिसीज हे नाव पडलं. पुढच्या एकदोन वर्षांत आपल्याकडं कुमाऊँच्या डोंगरात रानीखेतला तोच रोग सापडला म्हणून भारतात रानीखेत, आणि गावात मानमोडी. लक्षणं तुम्हाला माहीतच आहेत, हिरवट पातळ हगवण, चोच उघडून श्वास, पंख आणि पाय लुळे, मान पिळवटून मागं किंवा बाजूला, अंडी एकदम बंद नाहीतर मऊ कवचाची. डॉक्टरांनी मेलेलं पाखरू उघडलं तर गिझार्डच्या आधी जी ग्रंथींची पिशवी असते तिच्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. सगळ्या कोंबड्यांत सगळी लक्षणं येत नाहीत, कुठं पोटाचा त्रास जास्त, कुठं मेंदूचा, कुठं नुसतंच रात्रीत मेलेलं सापडतंय.

या व्हायरसची अख्खी माहिती आरएनएच्या एकाच धाग्यावर असते आणि लासोटाच्या बाबतीत तो धागा १५,१८६ अक्षरांचा आहे. कोंबडीचा स्वतःचा डीएनए साधारण १०० कोटी अक्षरांचा, म्हणजे किती कमी सामानात हा गडी एवढं मोठं जनावर पाडतोय बघा. त्या धाग्यावर सहा जीन्स एकापाठोपाठ एक असतात, एनपी, पी, एम, एफ, एचएन आणि एल. एनपी आरएनएला गुंडाळून ठेवतो. एल म्हणजे आरएनएच्या नकला काढणारं मशीन, आणि पी त्याचा मदतनीस. एम नवीन व्हायरस बांधायला लागतो. उरलेले दोन, एफ आणि एचएन, हे व्हायरसच्या बाहेरच्या बाजूला काट्यांसारखे उभे असतात, एचएन कोंबडीच्या पेशीला चिकटतो आणि एफ व्हायरसचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळवतो म्हणजे आतलं आरएनए पेशीत जातंय. मिसळलं नाही तर व्हायरस नुसता बाहेर चिकटून बसतोय, काही करू शकत नाही.

आता एफवर जरा थांबूया, कारण मारायचं का नाही याचा सगळ्यात मोठा निकाल इथं लागतोय.

पेशीत नवीन व्हायरस तयार होताना एफ प्रोटीन जे बनतंय ते आधी बंद अवस्थेत बनतंय, त्याला एफ-झिरो म्हणतात, ५५३ अमायनो अॅसिडची (प्रोटीन ज्या मण्यांचं ओवलेलं असतंय ते मणी) एक सलग साखळी. ह्या अवस्थेत ते निकामी असतंय. एका ठराविक जागी ते कापलं गेलं, त्याचे एफ-वन आणि एफ-टू असे दोन तुकडे झाले (दोन्ही एकमेकांना धरूनच राहतात), की मगच ते काम करतंय. आणि कापायचं काम व्हायरस स्वतः करत नाही, त्याच्याकडं ते हत्यारच नाही, त्यासाठी तो कोंबडीच्याच शरीरातल्या एन्झाइमवर अवलंबून असतो. साखरेच्या पोत्याचं तोंड शिवलेलं असतंय तसं समजा. काही पोत्यांची शिवण अशी असते की दोरा ओढला की कुणीही उघडावं, आणि काहींची अशी की ठराविक पात्याची सुरीच पाहिजे, आणि ती सुरी घरातल्या दोनच खोल्यांत आहे. पोतं तेच, आतला माल तोच, पण पहिलं पोतं घरात कुठंही उघडंल आणि दुसरं फक्त त्या दोन खोल्यांत.

ती शिवण म्हणजे एफ प्रोटीनमधली ११२ ते ११७ ही सहा अमायनो अॅसिडं. लासोटामध्ये तिथं ओळीनं काय आहे, तर ग्लायसीन, आर्जिनीन, ग्लुटामीन, ग्लायसीन, आर्जिनीन आणि कापायच्या रेषेच्या पलीकडं ल्युसीन. खऱ्या मानमोडीच्या व्हायरसमध्ये काय आहे, तर आर्जिनीन, आर्जिनीन, ग्लुटामीन, मग आर्जिनीन किंवा लायसीन, आर्जिनीन आणि पलीकडं फिनाइलअॅलनीन. आर्जिनीन आणि लायसीन हे दोन्ही पॉझिटिव्ह चार्जवाले, त्यांना बेसिक अमायनो अॅसिड म्हणतात. अशी बेसिकांची गर्दी जिथं दिसली तिथं फ्युरिन नावाचं एन्झाइम येऊन कापतंय, आणि हे फ्युरिन कोंबडीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे, मेंदू, काळीज, तिल्ली, आतडं, कुठंही जा. म्हणजे व्हायरस ज्या पेशीत जन्मला तिथंच त्याचा एफ कापून तयार मिळतोय, बाहेर पडला की लगेच पुढची पेशी पकडायला मोकळा. असा तो अंगभर पसरतो.

लासोटाच्या शिवणीत अशी गर्दी नाही. सुटे आर्जिनीन आहेत. तिथं फ्युरिन लागू पडत नाही, ट्रिप्सिनसारखं एन्झाइम लागतंय, आणि ते पेशीच्या बाहेर मिळतंय ते मुख्यतः श्वासनलिकेच्या आणि आतड्याच्या आतल्या अस्तरावर. म्हणून लासोटा नाकात, घशात, आतड्यात वाढतो, तिथं कोंबडीच्या शरीराला "हा बघ असा दिसतो व्हायरस" एवढं शिकवतो, थोडी शिंक येते त्याचं कारण पण हेच की तो खरोखर तिथं वाढत असतोय. पण मेंदूत, काळजात त्याची साखळी चालत नाही. समजा एखादा व्हायरस तिथं पोचला आणि त्याच्या नकला झाल्या, तरी त्या नकलांचा एफ न कापलेला, बंद, पुढची पेशी काय पकडता येत नाही. ज्या व्हायरसमुळं मानमोडी होते तोच व्हायरस पिल्लाच्या डोळ्यात घालून आपण निर्धास्त बसतो ते एवढ्या फरकावर.

हे नुसतं बघून काढलेलं अनुमान नाही, करून दाखवलेलं आहे. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बेन पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लासोटाचा अख्खा जीनोम लॅबमध्ये डीएनएच्या रूपात तयार केला, म्हणजे पाहिजे ते अक्षर बदलून पुन्हा जिवंत व्हायरस उभा करता येतोय अशी सोय केली, याला रिव्हर्स जेनेटिक्स म्हणतात. मग त्यांनी दोन व्हायरस बनवले, एक जशाच्या तसा लासोटा आणि दुसरा फक्त ती शिवण बदललेला, बेसिकांची गर्दी आणि फिनाइलअॅलनीनवाला. बाकी काहीही हात लावला नाही. मग दोन्हींची मारण्याची ताकद मोजली. त्यासाठी एक ठरलेली टेस्ट असते, एक दिवसाच्या पिल्लांच्या मेंदूत व्हायरस टोचून आठ दिवस रोज बघायचं, ठणठणीत पिल्लाला ०, आजारी १, मेलेलं २, आणि सगळ्याची सरासरी काढायची. तिला आयसीपीआय म्हणतात, शून्य म्हणजे निरुपद्रवी आणि २ म्हणजे टोचल्या टोचल्या सगळी गेली. टेस्ट क्रूर आहे, मला वाचताना पण त्रास होतो, पण ताकद मोजायचं सगळ्यात जुनं आणि जगभर मान्य माप तेच आहे. तर साध्या लासोटाचा आकडा आला ०.०० आणि शिवण बदललेल्याचा १.२८. सहा जीन्स, पंधरा हजारांवर अक्षरं, त्यातल्या एका जीनमधल्या एवढ्याशा तुकड्यानं लस असलेला व्हायरस मारणारा केला.

निसर्गात पण हे झालंय. ऑस्ट्रेलियात कित्येक वर्षं मानमोडी नव्हती, तिथल्या कोंबड्यांत या व्हायरसचे सौम्य प्रकार नुसते फिरत होते, कुणाला काही होत नव्हतं. १९९८ ते २००० मध्ये सिडनीच्या आसपास न्यू साउथ वेल्स राज्यात अचानक जोरात रोग आला. आधी सगळ्यांना वाटलं बाहेरून आला असणार, पण व्हायरसचा क्रम वाचला तर तो तिथल्याच एका सौम्य व्हायरसपासून झालेला निघाला. त्या सौम्य व्हायरसची शिवण आधीच अर्ध्या वाटेवर होती, ११२ वर आर्जिनीन होतंच, फक्त ११५ वरच्या ग्लायसीनचं आर्जिनीन आणि ११७ वरच्या ल्युसीनचं फिनाइलअॅलनीन व्हायचं बाकी होतं, आणि आरएनएतली दोन अक्षरं बदलून ते झालं. आरएनए व्हायरसचं नकला काढणारं मशीन चुका तपासत नाही त्यामुळं असे अक्षरबदल रोज होत असतात, बहुतेक वाया जातात, पण लाखो कोंबड्यांत व्हायरस वर्षानुवर्षं फिरत राहिला तर कधीतरी नको ते जमून जातंय.

मग लगेच विचारतात, लासोटाचं पण असं होणार नाही कशावरून. त्याची शिवण त्या ऑस्ट्रेलियातल्या व्हायरसपेक्षा एक पाऊल अजून लांब आहे, तीन वेगवेगळ्या जागा बदलायला लागतात, आणि एकच बदलली तर व्हायरसला त्याचा विशेष फायदा नाही त्यामुळं अशी अर्धवट बदललेली नक्कल पुढं टिकत नाही. १९४६ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका फार्मवर हा व्हायरस सापडला, फार्ममालकाच्या आडनावावरूनच लासोटा नाव पडलं, म्हणजे ही लॅबमध्ये दुबळी केलेली जात नाही, मुळातच सौम्य होती. तेव्हापासून जगभर ती वापरतात आणि तिच्यावरचा भरवसा अजून टिकून आहे.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की झालं, शिवण बघायची आणि निकाल द्यायचा. नियम पण जवळपास तसाच आहे. प्राण्यांच्या आरोग्याची जी जागतिक संघटना आहे, वोआ, तिच्या व्याख्येत व्हायरस मारणारा कधी म्हणायचा तर आयसीपीआय ०.७ किंवा त्याच्या वर असंल तर, किंवा ११३ ते ११६ या जागांत निदान तीन आर्जिनीन-लायसीन आणि ११७ ला फिनाइलअॅलनीन असंल तर. पण माझ्या मते या विषयातली खरी गंमत, म्हणजे समजून घेण्यासारखी गोष्ट, याच्या पुढं आहे. कारण शिवण अगदी मारणाऱ्यासारखी आणि तरी कोंबडी फारशी मरत नाही असे व्हायरस पण आहेत.

त्यातला एक तुमच्या ओळखीचा आहे, आर टू बी. मोठ्या कोंबडीला कातडीखाली सुईनं देतात ती लस. १९४० च्या दशकात कुमाऊँमधल्याच मुक्तेश्वरला आयव्हीआरआय या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत खरा रोगाचा व्हायरस कोंबडीच्या अंड्यांतून पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य करत आणला, ती ही लस. तिच्या एफची शिवण उघडून बघितली तर बेसिकांची गर्दी तशीच आहे आणि ११७ ला फिनाइलअॅलनीनच. कागदावर ती मारणारी. वोआच्या व्याख्येत बसवली तर तिला मारणाऱ्यातच धरावं लागतंय, आणि म्हणून बऱ्याच देशांत अशा मध्यम ताकदीच्या लशी वापरतच नाहीत. पण आधी लासोटा किंवा एफ लस (हे पिल्लांच्या दुसऱ्या एका सौम्य लसीचं नाव, एफ प्रोटीनशी त्याचा संबंध नाही) मिळालेल्या सहा-आठ आठवड्यांच्या कोंबडीला दिली तर कोंबडी ती नीट पेलते आणि संरक्षण जास्त दिवस टिकतंय. याउलट आठवड्याच्या पिल्लाला दिली, किंवा आधी काहीच लस नसलेल्या पाखराला दिली, तर पाय लुळे पडू शकतात, मर पण होऊ शकते. अंड्यावरच्या कोंबडीला दिली तर अंडी उतरतात. "आर टू बी दिली आणि त्यातनंच रोग लागला" असं गावात कुणी म्हणालं तर त्याला वेड्यात काढू नका, वय विचारा आणि आधीची लस विचारा, उत्तर बहुतेक वेळा तिथं मिळतंय.

दुसरं उदाहरण कबुतरांचं. कबुतरांत याच व्हायरसची एक जात फिरते, १९८० च्या दशकात ती जगभर पसरली. १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये लिव्हरपूलच्या गोदीत साठवलेल्या खाद्यावर आजारी कबुतरं बसली, त्यांची विष्ठा त्यात पडली आणि ते खाद्य जिथं जिथं गेलं तिथं लस न दिलेल्या कोंबड्यांत रोग उठला (आपल्याकडं खाद्याची पोती शेडबाहेर उघडी आणि वर कबुतरं, हे चित्र किती ठिकाणी दिसतंय ते आठवा). या कबुतरी व्हायरसची शिवण मारणाऱ्याचीच, पण कबुतरातून काढून थेट कोंबडीवर टेस्ट केली तर आकडा बऱ्याचदा कमी येतो. हाच व्हायरस कोंबड्यांतून पुन्हा पुन्हा काढत नेला की मात्र ताकद वाढत जाते. डच शास्त्रज्ञांनी असं करून मग क्रम वाचला तर एफ जीनमध्ये काही बदललेलंच नव्हतं. बदल झाला होता एल आणि पी मध्ये, म्हणजे नकला काढणाऱ्या मशीनमध्ये. कोंबडीच्या पेशीत ते मशीन जोरात चालायला लागलं आणि तेवढ्यानं व्हायरस जास्त घातक झाला.

म्हणजे शिवणीमुळं व्हायरसला अंगभर फिरायची परवानगी मिळते, पण परवानगी मिळाल्यावर तो किती वेगानं वाढणार, कुठल्या अवयवात जास्त जाणार आणि कोंबडीचं शरीर त्याला किती अडवणार, हे दुसरे जीन्स ठरवतात.

एचएनचं बघा. ब्युडेट सी नावाचा एक मध्यम ताकदीचा व्हायरस आहे. अमेरिकेत मेरिलँडमध्ये सिबा सामल यांच्या लॅबनं २००४ मध्ये त्याचा एचएन काढून लासोटाला लावला आणि लासोटाचा त्याला लावला. ब्युडेट सी लासोटाचा एचएन मिळाल्यावर नरमला, लासोटा थोडा चढला, आणि कोणत्या ऊतीत व्हायरस सापडतोय ते पण एचएनप्रमाणं बदललं. चिकटायचं काम एचएनचं असल्यामुळं हे पटण्यासारखं आहे, शिवाय एफला "आता मिसळ" हा इशारा पण एचएनच देतो, दोघांची जोडी जमली पाहिजे. काही एकदम सौम्य जातींत, ऑस्ट्रेलियातली व्ही-फोर त्यातली एक, एचएनसुद्धा लांब शेपटीसकट बनतो, ६१६ अमायनो अॅसिडचा, आणि तो पण कापून घ्यावा लागतोय मगच चालतो. एफ पण मुश्किलीनं कापायचा आणि एचएन पण, त्यामुळं व्ही-फोर लासोटाहून सौम्य.

पण मला सगळ्यात हुशार वाटतो तो पी जीन. त्याच्यातून एक नाही तीन प्रोटीनं निघतात. नकला काढणारं मशीन पी जीन वाचताना एका ठराविक जागी कधीकधी एक जी अक्षर जास्तीचं घालतंय, आणि एक अक्षर सरकलं की तिथून पुढची सगळी वाक्यं बदलतात, पीच्या ऐवजी व्ही नावाचं प्रोटीन बनतंय. दोन घातली तर डब्ल्यू. त्यातल्या व्हीचं काम कोंबडीचा पहिला बचाव मोडायचं. कुठल्याही पेशीत व्हायरस शिरला की ती इंटरफेरॉन सोडते, शेजारच्या पेशींना सावध करते, त्या व्हायरसच्या विरोधातली तयारी सुरू करतात, आणि हा निरोप पेशीच्या आत पुढं न्यायला स्टॅट-वन नावाचं प्रोटीन लागतंय. व्ही त्या स्टॅट-वनचाच नाश करवतं. निरोप पोचतच नाही. लॅबमध्ये व्ही बनूच शकणार नाही असे व्हायरस तयार केले तर ते इतके ढिले पडले की अंड्यातल्या गर्भालासुद्धा नीट मारू शकले नाहीत. यातली अजून एक गोष्ट म्हणजे हे व्ही पक्ष्यांच्या पेशीत जसं काम करतंय तसं माणसाच्या पेशीत करत नाही, आपलं इंटरफेरॉन त्याला ऐकत नाही. शेडमध्ये काम करणाऱ्याचे किंवा लस फवारणाऱ्याचे डोळे एकदोन दिवस लाल होऊन आपोआप बरे होतात, त्याच्या पुढं हा व्हायरस माणसात सहसा जात नाही, त्यामागं हे एक कारण आहे. तरी लस घालताना डोळ्याला हात लावू नका.

बर्ड फ्लूचा व्हायरस वेगळ्या घराण्यातला आहे, पण त्याच्या एचए प्रोटीनमध्ये पण अशीच कापायची जागा असते आणि तिथं पण बेसिकांची गर्दी झाली की तो घातक होतो. २००६ मध्ये आपल्या नंदुरबारच्या नवापूरला जो एच-फाइव्ह-एन-वन आला तो त्या जातीचा. दोन वेगळ्या घराण्यांनी एकच रस्ता शोधलाय.

आता गावाकडं येऊ. बायकांचा अजून एक प्रश्न असतोय, लस दिली तरी मानमोडी आली, म्हणजे व्हायरस बदलला का? बदलतोय हे खरं. या व्हायरसचे बरेच जीनोटाइप, म्हणजे जीन्सच्या क्रमावरून पाडलेले गट, आहेत, लासोटा जीनोटाइप २ चा आणि आपल्या देशात रोगाचे जे व्हायरस सापडतात त्यात १३ नंबरचा जीनोटाइप वारंवार दिसतो. पण सगळे एकाच सीरोटाइपचे, म्हणजे लासोटानं तयार झालेल्या अँटीबॉडी यांना पण धरतात आणि नीट लस घेतलेली कोंबडी सहसा मरत नाही. फक्त एवढं की ती मरत नसली तरी बाहेरचा व्हायरस तिच्या अंगात थोडा वाढून विष्ठेतून पडत राहू शकतो, शेजारणीच्या लस नसलेल्या कोंबडीला तेवढं पुरतंय. एका अभ्यासाचा हिशोब असा की कळपात रोग पसरायचा थांबायला १०० पैकी ८५ पेक्षा जास्त पक्ष्यांत पुरेशा अँटीबॉडी पाहिजेत. म्हणून एकट्या घरानं लस देऊन भागत नाही. शिवाय लसीची कुपी शंभर-दोनशे डोसाची येते आणि एकदा विरघळवली की तासा-दोन तासात संपवावी लागते, पंधरा कोंबड्यांसाठी कोण फोडणार? गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून एकाच सकाळी, बचत गटाच्या मीटिंगला जमतो तसं जमून करावं, पैसे पण वाचतात आणि ८५ चा आकडा पण गाठता येतो.

आणि खरं सांगू का, लस फसण्याची कारणं बहुतेक वेळा जीनमध्ये नसतात, पाण्यात असतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंय, त्यात लासोटा घातला की जिवंत व्हायरस तिथंच मेला, कोंबडी नुसतं पाणी प्याली. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घ्या, लिटरला ५ ग्रॅम बिनसाईची दूध पावडर घाला. मेडिकलमधून घरी येईपर्यंत कुपी बर्फात पाहिजे, २ ते ८ डिग्री, पिशवीत घालून गाडीच्या हँडलला अडकवून उन्हातनं आणलेल्या लसीवर भरवसा ठेवू नका. पहिला लासोटा किंवा एफ लस ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात, दुसरी चार आठवड्यांच्या आत, आर टू बी सहा-आठ आठवड्यांनी, आणि ती का इतकी उशिरा ते आता तुम्हाला माहीत आहे. यात्रेच्या तोंडावर आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवा, लगेच घरच्या कळपात सोडू नका, अंगात व्हायरस असला तर तेवढ्यात दिसून येतो.

शिवणीचं ज्ञान उलट दिशेनं पण वापरतात. रोगाचा ताजा स्थानिक व्हायरस घ्यायचा, रिव्हर्स जेनेटिक्सनं त्याची शिवण बदलून सौम्य करायची, बाकी बाहेरचं रूप तसंच ठेवायचं, म्हणजे जीनोटाइप जुळणारी लस मिळते आणि विष्ठेतून पडणारा व्हायरस कमी होतो. दक्षिण कोरियात जीनोटाइप ७ ची अशी लस निघाली, इंडोनेशियातल्या व्हायरसवर पण असं काम झालंय. आपल्या १३ नंबरसाठी अशी लस गावापर्यंत यावी असं मला मनापासून वाटतंय.

शेवटी रिपोर्टचं सांगते, कारण इथं लोकांचं नुकसान होतंय. मेलेली कोंबडी पशुवैद्यकीय दवाखान्यात दिली, तिथून नमुना पुण्याच्या औंधच्या रोग अन्वेषण विभागात किंवा खाजगी लॅबमध्ये गेला आणि पीसीआरचा रिपोर्ट आला "एनडी पॉझिटिव्ह", की सगळे घाबरतात. पण तुम्ही दहा दिवसांपूर्वी लासोटा दिला असंल तर ती टेस्ट त्या लसीच्या व्हायरसला पण पॉझिटिव्ह दाखवू शकते, कारण एम जीन शोधणारी साधी पीसीआर मारणाऱ्यात आणि सौम्यात फरक करत नाही. तेव्हा नमुना देतानाच लसीचं नाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहून द्या. आणि पॉझिटिव्ह आला तर डॉक्टरांना एवढंच विचारा, एफ जीनच्या कापायच्या जागेचा क्रम वाचलाय का, आणि ११७ ला ल्युसीन आहे का फिनाइलअॅलनीन. ल्युसीन असंल तर सापडलाय तो बहुधा तुमच्याच लसीतला, कोंबड्या दुसऱ्याच कशानं मरतायत, आणि ते दुसरं काय ते त्याच नमुन्यात शोधायला सांगा.